पाचवी कितवी आली?

*ताई, नमस्कार. आम्ही गेली बावीस वर्षं शिकागोच्या एका उपनगरात राहतो, मूळचे साताऱ्याचे. मुलगी इथून दोन तासांवरच्या एका लहान कॉलेजात जीवशास्त्र शिकते. येत्या ऑगस्टमध्ये तिसरं वर्ष लागेल. पहिल्याच वर्षी तिने कॉलेजच्या क्रॉसकंट्री, म्हणजे माळरानातून, चढ-उतारांवरून लांब पल्ला धावण्याच्या संघात नाव घातलं. तेव्हापासून पहाटे साडेपाचला उठायचं, आठवड्याला सत्तर किलोमीटर धावायचं आणि सगळे शनिवार शर्यतींना द्यायचे, असं चाललंय. कॉलेज डिव्हिजन थ्रीमधलं, म्हणजे खेळाची शिष्यवृत्ती नाही. जिंकते म्हणावं तर तेही नाही. संघातल्या सोळाजणींत ही दहावी-अकरावी. 2024 मध्ये लक्ष्मीपूजन शुक्रवारी होतं आणि शनिवारी हिची कॉन्फरन्सची, म्हणजे त्यांच्या कॉलेजांच्या गटाची शर्यत, म्हणून घरी आली नाही. मागच्या सीझनमध्ये एकदा फोनवर विचारलं, "कितवी आलीस?" तर म्हणाली, "एकशे बारावी," आणि खुशीत हसली. हे म्हणतात, यातून पुढे काय? तिला विचारलं तर म्हणते, "सांगता येत नाही गं, तू एकदा येऊन बघ." अलीकडे वाळलीय, थकलेलीही दिसते. तिला हे सोडायला सांगावं का? — एक आई*

नमस्कार.

"तू एकदा येऊन बघ" यावरून मला कळलं की दोन वर्षांत तुम्ही दोघं एकदाही गेला नाहीत. दोष देत नाही. कोणत्या तोंडाने देणार? माझा मुलगा विस्कॉन्सिनमधल्या अशाच एका लहान कॉलेजात चार वर्षं धावला, आणि मी पहिली शर्यत पाहिली ती त्याच्या तिसऱ्या वर्षी.

उत्तर आधीच देते: सोडायला सांगू नका. मात्र "वाळलीय, थकलेलीही दिसते" हे तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंत. ते तसं सोडण्यासारखं नाही, त्यावर पुढे सविस्तर लिहिते. आधी तुमची मुलगी एकशे बारावी येऊन का हसली ते बघू, कारण तुमची सगळी कोंडी तिथेच आहे.

या खेळात गुण कसे मोजतात हे तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. मलाही कोणी सांगितलं नव्हतं. मी अडीच वर्षं समजत होते की दीड-दोनशे पोरं एकदम सुटतात, पहिला येतो तो जिंकतो, बाकीची हौस म्हणून धावतात. तसं नाही. मोठ्या शर्यतींत एका संघाचे सातजण धावतात आणि त्यातल्या पहिल्या पाचांचे क्रमांक मोजले जातात. त्या पाच क्रमांकांची बेरीज करायची. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो संघ जिंकला. समजा एका कॉलेजच्या मुली पहिली, दुसरी, तिसरी आल्या आणि उरलेल्या दोघी तिसाव्या नि चाळिसाव्या. बेरीज 76. दुसऱ्या कॉलेजची एकही मुलगी पहिल्या सातांत नाही, पण पाचहीजणी आठ ते बारा या क्रमांकांवर एकामागोमाग एक आल्या. बेरीज 50. बक्षीस या दुसऱ्यांचं. पहिल्या संघाच्या तिन्ही तारका तंबूत बसून चुळबुळ करणार.

म्हणजे संघाचं नशीब पाचव्या मुलीच्या हातात. पहिली जीव तोडून धावली तर फार तर दोन-चार नंबर वर सरकते. पाचवी असते मधल्या गर्दीत, जिथे दहा सेकंदांत वीसजणी रेषा ओलांडतात. तिने दहा सेकंद गमावले की वीस गुण गेले. सहावी आणि सातवी यांचे गुण धरत नाहीत, पण त्या समोरच्या संघाच्या पाचवीच्या पुढे आल्या तर तिचा क्रमांक दोनाने मागे ढकलतात. गुण नाहीत तरी काम आहे! मला हा नियम समजला तेव्हा आमच्या एकत्र कुटुंबातल्या धाकट्या काकूची आठवण झाली होती. ते असो.

हे कागदावरचं गणित नाही. 2016 ला इंडियाना राज्यातल्या टेरे हॉट गावी डिव्हिजन वनची, म्हणजे कॉलेजांच्या सर्वांत वरच्या गटाची, राष्ट्रीय शर्यत झाली. महिलांमध्ये ओरेगनचे 125 गुण झाले, मिशिगनचे 126. एका गुणाने विजेतेपद. अडीचशे मुलींच्या त्या गर्दीत मिशिगनच्या पाचांपैकी कुणीही ओरेगनच्या एकीला शेवटच्या दहा पावलांत मागे टाकलं असतं, तर निकाल फिरला असता. 2022 ला ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरला पुरुषांत नॉर्दर्न ॲरिझोना आणि ओक्लाहोमा स्टेट यांची 83-83 अशी बरोबरी झाली. मग दोन्ही संघांच्या पहिल्याशी पहिला, दुसऱ्याशी दुसरा अशी जोडी लावून पाहिलं, तेव्हा नॉर्दर्न ॲरिझोना जिंकलं. ज्याचं नाव कुठल्याही मथळ्यात आलं नाही अशा मुलाने हे ठरवलं असणार.

तुम्ही म्हणाल, माझी मुलगी पाचवीही नाही, सातवीही नाही, अकरावी आहे. बरोबर. माझा मुलगा नववा होता. आता बास्केटबॉलच्या संघात अकरावा-बारावा मुलगा काय करतो आठवा: बाकावर बसून टाळ्या वाजवतो. क्रॉसकंट्रीला बाक नसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या बऱ्याच शर्यतींत सगळ्याच धावतात, एकतर मुख्य शर्यतीत, नाहीतर तिच्या मागेपुढे होणाऱ्या खुल्या शर्यतीत. तेच सहा किलोमीटर, तोच चढ, तोच चिखल. सातांची चाळणी लागते ती मोसमाच्या शेवटी. आणि मंगळवारच्या सरावात चौथीच्या खांद्याला खांदा लावून धावणारी कुणी नसेल, तर शनिवारी चौथी एकटी पडते. चौथीला हे पक्कं ठाऊक असतं. तुमच्या मुलीलाही ते ठाऊक आहे, म्हणून ती हसली. शिवाय तिची एकशे बारावी ही कदाचित मागच्या वेळच्या एकशे चाळिसावीनंतरची असेल. तुम्ही विचारलंत का?

आता एक खासगी गोष्ट. माझ्या मुलाने त्याच्या आयुष्यातला एक मोठा निर्णय, कोणता ते त्याचं त्याच्याकडे राहू दे, आम्हाला सांगायच्या सहा महिने आधी संघातल्या पोरांना सांगितला होता. मला फार लागलं होतं तेव्हा. पुढे त्याच्याच तोंडून रविवारच्या लांब धावण्याचं वर्णन ऐकलं आणि राग ओसरला. रविवारी दीड-पावणेदोन तास धावायचं, पण बोलता येईल इतक्याच वेगाने. तो सरावाचाच नियम आहे. धाप लागून बोलणं थांबलं की वेग जास्त झाला समजायचं. फोन खोलीवर. मक्याच्या शेतांमधून सरळ रस्ता, दोघं-तिघं शेजारी-शेजारी, नजर समोर. समोरासमोर बसून जे तोंडातून निघत नाही ते असं निघतं. आपण नाही का, भाजी निवडताना मान खाली घालून सासरचं सगळं बोलत होतो? या मुलांना ती जागा उरलेली नाही. त्यांची भाजी निवडून, चिरून, पिशवीतूनच येते.

पहिल्या शर्यतीला मी गेले तेव्हा पाऊस होता. मी छत्री, घडीची खुर्ची आणि नवीन पांढरे बूट घेऊन गेले. तिन्ही चुकीचं. खुर्चीत कोणी बसतच नाही. बंदूक वाजली की आईबाप, आजोबा, धावून झालेल्या मुली, सगळे मैदान तिरकं कापत पळत सुटतात, कारण दोन किलोमीटरच्या खुणेपाशी आपलं पोर एकदा दिसणार, मग चढाच्या माथ्यावर एकदा, मग शेवटच्या सरळ पट्ट्यात. प्रेक्षकांना गॅलरी नाही, तिकीट नाही, दोरीच्या अलीकडे हातभर अंतरावर त्यांचा श्वास ऐकू येतो. मी चढाशी उभी होते. तो समोरून गेला. गुडघ्यापर्यंत चिखल, तोंड वाकडं झालेलं, माझ्याकडे बघितलंही नाही. इतका कष्टी चेहरा मी त्याचा लहानपणी तापातही पाहिला नव्हता. शर्यत संपल्यावर तो गवतावर पालथा पडला होता. मी पाण्याची बाटली घेऊन धावत गेले. पाणी घेण्याआधी त्याने शेजारच्या पोराला विचारलं, "आपला पाचवा कितवा आला?"

स्वतःचा नंबर त्याने त्यानंतर विचारला. मी तिथेच चिखलात उभी राहून दोन वर्षांच्या फोनांची उजळणी केली. दर शनिवारी मी एकच विचारत आले होते: कितवा आलास?

आपल्या घरांत तो प्रश्न रक्तातच असतो. टक्के किती, शेजारच्याला किती, बोर्डात कितवा. या खेळाची गंमत अशी की इथे आकडे एकमेकांशी जुळतच नाहीत. न्यूयॉर्कच्या व्हॅन कॉर्टलँट पार्कमध्ये गेली शंभरहून अधिक वर्षं शर्यती होतात. तिथली सेमेटरी हिल नावाची टेकडी भल्याभल्यांचा दम काढते. टेरे हॉटचं मैदान जुन्या कोळसाखाणीची जमीन भरून तयार केलेलं, लांबच लांब मोकळं, वारा सुटला तर आडोसा नाही. कुठे वाळू, कुठे ओलं गवत, नोव्हेंबरात कधी गोठलेली ढेकळं. त्यामुळे एका मैदानावरची 24 मिनिटं दुसऱ्या मैदानावरच्या 24 मिनिटांशी ताडून बघायला अर्थ नसतो. ट्रॅकवर दहा हजार मीटरचा जागतिक विक्रम असतो, क्रॉसकंट्रीला तसा विक्रमच नाही. त्या दिवशी, त्या चिखलात, त्या मुलींमध्ये तू कशी धावलीस, एवढंच. वर्षानुवर्षं गुणपत्रिका हातात धरून वाढलेल्या मुलीला हे किती मोकळं वाटत असेल, कल्पना करा.

आता तुमच्या यजमानांचं "यातून पुढे काय?"

खरं सांगायचं तर, काही नाही. क्रॉसकंट्री ऑलिंपिकमध्ये शेवटची झाली 1924 साली पॅरिसला. त्या दिवशी इतकं ऊन होतं की 38 जण सुटले आणि 15 पोचले. त्यानंतर ती शर्यत कार्यक्रमातून गेली ती गेलीच. आपल्या बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे लष्करातल्या क्रॉसकंट्रीतून पुढे आला हे खरं, पण तो स्टीपलचेसकडे, म्हणजे ट्रॅकवरच्या अडथळ्यांच्या शर्यतीकडे, वळला तेव्हा जगाला दिसला, आणि तुमची मुलगी काही साबळे नाही. तिच्या संघातली पहिलीसुद्धा नसेल. चार वर्षं संपली की हा खेळ संपतो. पुढे एकट्याने धावता येतं, मॅरेथॉन करता येते, पण पाच क्रमांकांची बेरीज करणारं कुणी भेटत नाही. माझा मुलगा आता चौतीस वर्षांचा आहे, धावतो, आणि म्हणतो की ते वेगळं होतं. तेव्हा यजमानांना सांगा की पुढे काही नाही म्हणूनच घाई आहे. तिच्याकडे दोन मोसम उरलेत.

मला वाटतं की जिथून पैसा, पदक, नोकरी काहीच मिळत नाही, तिथे मूल पहाटे साडेपाचला आपणहून उठत असेल तर आईबापांनी तिथे आधी जाऊन बघावं, मत नंतर बनवावं.

आता वाळण्याबद्दल. इथे मी हळुवार बोलणार नाही. या खेळाची एक काळी बाजू आहे. लांब पल्ल्याच्या धावण्यात "हलकं शरीर म्हणजे वेग" ही समजूत पिढ्यान्पिढ्या मुरलेली आहे. पुष्कळ मुली त्या नादात, किंवा नुसत्याच वेळेअभावी, धावण्यापुरतं खात नाहीत. खर्च जास्त, जमा कमी असं झालं की शरीर एकेक खातं बंद करत जातं, आणि त्यात पाळी लवकर बंद होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला रेड-एस असं नाव दिलं. ती मुलांनाही होते. मेरी केन नावाची अमेरिकेची गुणी धावपटू 2019 मध्ये जाहीरपणे बोलली की वजन उतरवण्याच्या दबावाखाली तिची पाळी तीन वर्षं बंद होती आणि पाच हाडं मोडली. हाडांची जमापुंजी विशी संपेपर्यंतच तयार होते, तेव्हा हे वय हलगर्जीपणा करायचं नाही.

म्हणून तिला सरळ विचारा: पाळी नियमित येते का? लाजू नका, वळणं घेऊ नका. तीन महिने आली नसेल, एकाच जागी हाड दुखत असेल, सारखी सर्दी होत असेल, चक्कर येत असेल, तर सराव थांबवून डॉक्टर, आणि शक्यतो खेळाडूंना बघणारा. रक्त तपासताना हिमोग्लोबिनवर थांबू नका, फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठाही, बघायला सांगा. हिमोग्लोबिन ठीक असतानाही लोहाचा साठा आटलेला असू शकतो. ती शाकाहारी असेल तर जास्तच, कारण पालेभाज्या-डाळींतलं लोह अंगी कमी लागतं. जेवणावर लिंबू पिळायचं आणि जेवण झाल्या झाल्या चहा प्यायचा नाही, कारण चहाने लोह नीट शोषलं जात नाही. हे शेवटचं आपल्या घरांत सर्वांत अवघड. कॉलेजच्या संघाला ॲथलेटिक ट्रेनर, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती-दुखण्यांकडे बघणारा माणूस, असतो, कोचपेक्षा त्याच्याकडे आधी जाऊ दे. कोचने मुलींच्या वजनावर शेरे मारले असं तिच्या बोलण्यात आलं, तर मात्र माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. मग सोडायला सांगा, मी तुमच्या बाजूने आहे.

आणि "वाळलीस" हे तिला म्हणू नका. या मुलींच्या कानाला ते कौतुक वाटतं.

नुसतं थकलेली दिसण्याचं कारण कदाचित साधं असेल. साडेपाचला उठणारी मुलगी रात्री साडेबाराला झोपत असेल तर कुणीही तसंच दिसेल. पण तपासणीआधी तसं धरून चालू नका.

राहिली दिवाळी. मोसम ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो, नोव्हेंबरात संपतो, आणि कॉन्फरन्सची शर्यत नेमकी ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. आपली दिवाळी बऱ्याच वर्षी तिथेच येऊन आपटते, यात कुणाचाच दोष नाही. पंचांग हलणार नाही, कॉन्फरन्सही हलणार नाही, हलायचं तुम्ही. दोन तासांचा तर रस्ता. शुक्रवारी संध्याकाळी घरी पूजा करा, पहाटे तीन-साडेतीनला निघण्याऐवजी सरळ रात्रीच तिच्या गावी मुक्कामाला जा. शर्यत सकाळी असते आणि मुली दीड-दोन तास आधीच मैदानावर पोचतात. फराळ बरोबर घ्या, पण शर्यतीआधी डबा उघडू नका. मी एकदा शर्यतीआधी अर्धा तास चकल्या वाटल्या होत्या आणि कोचने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते अजून आठवतं. नंतर मात्र तेच खारट-तिखट त्यांना हवं असतं.

बूट पावसाळी, जुने. छत्री नको, टोपीचा रेनकोट, कारण पळताना छत्री लोकांच्या डोळ्यात जाते. थर्मास. तिच्यासाठी कोरड्या मोज्यांची एक जोडी, तिला सांगू नका, नुसती पुढे करा. मैदानाचा नकाशा आदल्या दिवशी तिच्याकडून मागा आणि कुठे उभं राहू ते तिलाच विचारा. ती बहुधा चौथ्या किलोमीटरच्या पुढची जागा सांगेल, कारण तिथे ओरडणारं कुणी नसतं आणि पाय तिथेच जड होतात. तिथे जा. मराठीत ओरडा, तेवढ्या गर्दीत तिला तेच वेगळं ऐकू येईल. तिच्या संघातल्या पाचवीचं नाव आधी माहीत करून घ्या आणि तिच्यासाठीही ओरडा. यजमानांना कागद-पेन्सिल द्या, पाच क्रमांकांची बेरीज त्यांच्याकडे. एकदा बेरजेत अडकले की "पुढे काय?" विचारायला त्यांना सवड मिळणार नाही, हा माझ्या नवऱ्याचा अनुभव.

रेषेपलीकडे ती बहुधा गवतावर आडवी असेल. घाबरू नका, दोन मिनिटांत उठते. उठली की तिचा नंबर विचारू नका, पाचवी कितवी आली ते विचारा. शंकरपाळी दुप्पट करा. सोळाजणी आहेत, आणि शेजारच्या तंबूतल्याही येतात.